रॅट स्नेकची कात दर वेळी अडकते? आधी पेटी तपासा, मग साप

"कात नीट निघत नाहीये, काय करू?" असा निरोप आला की मी उलट एकच विचारते: कातीआधी डोळ्यांवर साय येते, तसे डोळे दुधाळ कधी झाले होते? बहुतेकांना दिवस सांगता येत नाही, आणि खरी गोम तिथेच असते. कात अडकलेली आपल्याला दिसते शेवटच्या दिवशी. ती अडकायला सुरुवात झालेली असते आठवडाभर आधी, साप लपणात निपचित पडून असतो आणि आपण त्याला त्रास नको म्हणून पेटीकडे फिरकत नाही तेव्हा. म्हणून चिमटा घेऊन सापाच्या मागे लागू नका. आधी पेटी बघा.

मी बरीच वर्षं कॉर्न स्नेक आणि काळे रॅट स्नेक सांभाळते आहे. या एकाच तक्रारीसाठी दुसऱ्यांच्या पेट्याही इतक्या वेळा उघडल्या आहेत की काय आधी बघायचं आणि काय नंतर, हे आता हाताला सवयीचं झालंय. त्याच क्रमाने खाली लिहिते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. इथे रॅट स्नेक म्हणजे पँथेरोफिस गटातले उत्तर अमेरिकेतले साप (कॉर्न स्नेकही त्यातलाच), ज्यांची कित्येक पिढ्या बंदिवासातच पैदास होत आली आहे. आपल्या धामणीलाही इंग्रजीत रॅट स्नेकच म्हणतात, पण ती वेगळी प्रजाती आहे, रानातली आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे. तिला पकडून घरात ठेवणं हा गुन्हा आहे. धामण दिसली तर तिला तिच्या वाटेने जाऊ द्या.

लक्षणं

यातलं काही दिसत असेल तर तुमची अडचण हीच आहे:

- कात अखंड न निघता तुकड्या-तुकड्यांत निघते, किंवा मानेमागे आणि पाठीवर फाटक्या कागदासारखे पापुद्रे लोंबत राहतात.
- शेपटीच्या टोकाला जुन्या कातीचं कडं बसलेलं आहे. कधी एकावर एक दोन-तीन कडी असतात.
- कात निघून गेली तरी एक किंवा दोन्ही डोळे धुरकट दिसतात, डोळ्यावर सुरकुती किंवा बारीक कड दिसते.
- डोळे पुन्हा स्वच्छ होऊन आठवडा उलटला तरी कात निघालेली नाही.
- साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसतो.

याउलट रंग मळकट होणं, पोटाकडची बाजू गुलाबीसर दिसणं, डोळ्यांवर निळसर साय येणं, उंदीर पुढे केला तरी तोंड फिरवणं, हात घातला की फुत्कारणं हे सगळं कातीच्या दिवसांत व्हायचंच. त्याला त्या दिवसांत नीट दिसत नाही, म्हणून तो घाबरलेला असतो. त्या काळात त्याला उचलू नका. खायला देण्याची घाई करू नका.

शेपटीचं टोक काळं पडलं असेल किंवा डोळा फुगला असेल तर मधलं काही वाचत बसू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

आत नेमकं काय होतं

हे समजलं की पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते आपोआप कळतं. सापाच्या जुन्या कातडीखाली नवा थर आधी पूर्ण तयार होतो. मग दोन्ही थरांच्या मध्ये लसिकेसारखा द्रव झिरपतो आणि जुना थर नव्यापासून सुटा करतो. डोळ्यांवर दिसणारी निळसर साय म्हणजे हाच द्रव. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो. कातीबरोबर तोही बदलतो, आणि त्याच्याखाली द्रव आला की डोळा दुधाळ दिसतो. चार-पाच दिवसांनी साय ओसरते, डोळे लख्ख होतात. त्यानंतर साधारण दोन ते चार दिवसांत साप नाक कशावर तरी घासतो, ओठाजवळ कात सुटते, आणि तो तिच्यातून पुढे सरकत जातो. पायमोजा उलटा काढावा तशी कात मागे उलटत जाते.

सापाच्या अंगात पाणी कमी असलं किंवा भोवतालची हवा कोरडी असली तर मधला द्रव पुरत नाही, आणि वरचा थर सुटण्याआधीच सुकून चिकटतो. म्हणजे आपल्या हातात वेळ असतो तो साय दिसल्यापासून कात निघेपर्यंतच्या आठवड्याचा. नंतर जे करतो ती फक्त डागडुजी.

वाढत्या वयाची पिल्लं महिन्या-दीड महिन्याने कात टाकतात, मोठे साप साधारण दोन-तीन महिन्यांनी. मोठ्या सापाची एखादी कात फाटली तर मी पाणी-ओलावा बघून घेते आणि पुढच्या वेळेची वाट पाहते. लागोपाठ दोनदा फाटली तर मात्र खालची सगळी यादी तपासते.

१. टाकलेली कात फेकू नका, वाचा

याला काही खर्च नाही, आणि निम्मी माहिती इथेच मिळते. मिळालेले सगळे तुकडे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजत ठेवा. सुकलेली कात कडक असते, ओढली की फाटते. भिजली की मऊ होते आणि बोटाने उलगडता येते.

आता डोक्याचा तुकडा शोधा आणि उजेडापुढे धरा. डोळ्यांच्या जागी दोन गोल, काचेसारखी, बाहेर फुगलेली भिंगं दिसली पाहिजेत. भिंगाच्या जागी नुसतं भोक असेल तर त्या डोळ्याचा खवला सापाच्या डोळ्यावरच राहिला आहे. मग शेपटीचा तुकडा बघा. टोक बंद आणि अणकुचीदार असेल तर ते पूर्ण निघालं. टोक नळीसारखं उघडं असेल तर शेंडा मागे राहिलाय. हा तुकडा अनेकदा बेडिंगमध्ये, म्हणजे पेटीच्या तळाशी पसरलेल्या थरात, हरवतो, तेव्हा तो न सापडल्यास सापाची शेपटीच नीट पाहा. कात निघताना ताणली जाते, सापापेक्षा बरीच लांब भरते, त्यामुळे "लांबी तर पूर्ण आहे" यावर समाधान मानू नका.

आणि आजपासून वहीत तीन तारखा लिहायला लागा: डोळे दुधाळ झाले तो दिवस, पुन्हा स्वच्छ झाले तो दिवस, कात निघाली तो दिवस. दोन-तीन काती झाल्या की तुमच्या सापाचं स्वतःचं वेळापत्रक हातात येतं, आणि पुढच्या वेळी ओलावा कधी वाढवायचा हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

२. पाण्याचं भांडं

साप त्यात वेटोळं घालून बसू शकेल एवढं मोठं आणि सहज उलटणार नाही एवढं जड भांडं हवं. पाणी रोज बघायचं, घाण झालं की लगेच बदलायचं. विष्ठा पडलेलं पाणी साप अनेकदा पीत नाही, आणि न प्यायलेल्या पाण्याची वसुली कातीच्या वेळी होते.

सापाच्या अंगात पाणी कमी आहे का हे डोळ्यांनीही कळतं. वळताना कातडीवर पडणारी घडी लवकर मोडत नाही, डोळे खोल गेल्यासारखे दिसतात, आणि एरवी पांढरी, मऊ असणारी लघवीची भुकटी पिवळी, खड्यासारखी कडक येते. हे दिसलं तर नुसता हवेतला ओलावा वाढवून भागायचं नाही.

३. आर्द्रता किती आहे, आणि मापक खरं सांगतोय का

रॅट स्नेकला एरवी ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते. डोळे दुधाळ झाल्यापासून कात निघेपर्यंत ती ६० ते ७० च्या घरात ठेवावी. हे आकडे बहुतेकांना पाठ असतात. तरीही कात फाटते, कारण काचेवर चिकटवलेला तबकडीचा मापक खोटं बोलत असतो.

माझ्या पहिल्या कॉर्न स्नेकच्या पेटीत असाच एक मापक होता. काटा कायम ५५ वर. तीन काती लागोपाठ फाटल्या, मी बेडिंग बदललं, लपण बदललं, सापाला दोष दिला, पण काट्यावर संशय घेतला नाही. शेवटी मिठाची चाचणी केली तेव्हा काटा ९५ वर गेला, जिथे तो ७५ वर थांबायला हवा होता. म्हणजे तो वीस टक्के जास्त दाखवत होता आणि माझी पेटी ५५ वर नव्हे, ३५ वर चालली होती. तोवर त्या सापाच्या शेपटीचं टोक सुकून गळून गेलं होतं. तो अजून माझ्याकडे आहे, छान खातो, पण पेटी साफ करताना ते बोथट टोक दिसलं की मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा ही चाचणी कराच. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा आणि पाण्याचे काही थेंब टाकून ते ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून पाणी होता कामा नये. ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत किंवा डब्यात शेजारी-शेजारी ठेवा, मीठ मापकाला लागू देऊ नका. खोलीच्या तापमानाला दहा-बारा तास तसंच राहू द्या. ओल्या मिठावरच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ७० दाखवत असेल तर तो पाचने कमी दाखवतोय, ८२ दाखवत असेल तर सातने जास्त. तेवढा फरक धरून पुढे वाचायचं. फरक दहाच्या वर असेल तर तो मापक बाजूला ठेवा आणि वायरवाला डिजिटल घ्या. त्याचा सेन्सर साप जिथे झोपतो त्या उंचीवर ठेवा, काचेच्या वरच्या कोपऱ्यात नको. तिथली हवा सापाच्या अंगाला लागतच नाही.

४. ओलं लपण

सगळ्यात जास्त साप कशाने सुधारले असतील तर या एका डब्याने. रानात रॅट स्नेक कातीच्या वेळी कुजलेल्या ओंडक्यात, पालापाचोळ्याखाली, मातीच्या भोकात, जिथे ओल असेल तिथे जाऊन बसतो. पेटीत त्याला तेवढंच निवडता येतं जेवढं आपण ठेवलेलं असतं. सगळी पेटी ओली करण्यापेक्षा एक ओला कोपरा देणं म्हणूनच बरं. हवं तेव्हा तो आत जातो, पुरे झालं की बाहेर येतो.

झाकण असलेला प्लास्टिकचा डबा घ्या. साप आत वेटोळं घालून बसला की त्याचं अंग डब्याच्या भिंतींना टेकेल एवढाच, जास्त ऐसपैस नको. सापाला अंगाला भिंत लागलेली आवडते. बाजूला त्याच्या सगळ्यात जाड भागाच्या दीडपट भोक पाडा आणि भोकाची कड घासून गुळगुळीत करा, नाहीतर नव्या मऊ कातडीवर ओरखडे येतील. आत स्फॅग्नम मॉस, म्हणजे ओल धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ, भरा. मॉस भिजवून मुठीत पिळा, पिळल्यावर पाणी गळायचं थांबलं पाहिजे पण हाताला ओल लागली पाहिजे. मॉस नसेल तर तसेच भिजवून पिळलेले, रंग-वास नसलेले जाड कागदी टॉवेल चालतात.

डबा पेटीच्या मध्यावर, गरम बाजूला थोडा झुकता ठेवा. अगदी थंड कोपऱ्यात ठेवला तर साप गरम जागा सोडून तिथे जात नाही आणि गेलाच तर गारठतो. थेट हीट मॅटवर (पेटी तापवणाऱ्या विजेच्या चटईवर) ठेवला तर मॉस दोन दिवसांत वाळतं. कातीच्या दिवसांत एक दिवसाआड झाकण उचलून ओल बघा. मॉसला कुबट वास आला, बुरशी दिसली किंवा त्यात विष्ठा पडली तर सगळं काढून नवीन भरा.

मी हा डबा आता वर्षभर ठेवते. डोळे दुधाळ दिसले त्या दिवशीच शोधाशोध करावी लागत नाही, आणि काही साप तर साय यायच्या आधीच त्यात जाऊन बसतात. त्यांना आपल्या आधी कळलेलं असतं.

५. झाकण आणि उष्णता

जाळीचं झाकण असलेल्या काचेच्या टँकमधून ओल सरळ वर निघून जाते. झाकणाचा निम्मा ते दोन-तृतीयांश भाग काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या पट्टीने झाका. दिव्याजवळचा भाग उघडाच ठेवा. पूर्ण बंद करू नका. कोंडलेल्या ओल्या हवेत पोटाखालच्या खवल्यांवर फोड येतात आणि कातडी सडायला लागते, ते कात अडकण्यापेक्षा वाईट.

उष्णतेचा संबंध लोकांच्या लक्षात येत नाही. हवा तापली की तिच्यात तितकंच पाणी असूनही आर्द्रतेचा आकडा उतरतो. २२ अंशांच्या खोलीत ५० टक्के असलेली हवा पेटीत ३० अंशांपर्यंत तापली की साधारण ३१ टक्क्यांवर येते. म्हणजे खोलीत टांगलेला मापक बघून पेटीचा अंदाज बांधता येत नाही. एसी किंवा हीटर चालू असेल तर हवा आणखी कोरडी.

गरम बाजू २८ ते ३१ अंश आणि थंड बाजू २२ ते २५ अंश असावी, आणि उष्णतेच्या प्रत्येक साधनाला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरलेल्या मर्यादेत ठेवणारं यंत्र, असावा. थर्मोस्टॅट नसलेली मॅट तळाचं बेडिंग भाजून कोरडं करते आणि सापाचं पोटही भाजू शकते. भाजलेल्या जागची कातडी पुढे किती तरी वेळा तिथेच अडकते. पोटाकडच्या खवल्यांवर तपकिरी डाग दिसले तर आधी मॅटचं तापमान मोजा.

६. बेडिंग

ॲस्पेन लाकडाचा भुसा स्वच्छ, बीळ करायला छान, पण ओल धरत नाही आणि ओला झाला की लवकर बुरशी धरतो. वर्तमानपत्र आणि कागदी टॉवेल तर आणखी कोरडे. तुमच्या हवेत ते चालत असेल आणि काती अखंड येत असतील तर बदलायची गरज नाही. वरच्या पाचही गोष्टी करून आकडा चढत नसेल तर नारळाच्या सालीचे तुकडे किंवा कोकोपीट वापरून बघा. ते आतून ओल धरतं आणि वरून कोरडं राहतं, आपल्याला नेमकं तेच हवं. पाणी कोपऱ्यातून तळाशी सोडा. वरून फवारणी केली तर आकडा तासभर चढतो आणि पुन्हा खाली येतो.

देवदाराचा भुसा कधीही नको, त्यातली तेलं सापांना विषारी असतात.

७. नाक घासायला काही आहे का

गुळगुळीत प्लास्टिकच्या पेटीत कात सुटली तरी अडकवायला काही नसतं. खडबडीत सालीची फांदी, एक बसका दगड, बास. धारदार कडा नकोत.

८. माइट्स

इथपर्यंत सगळं नीट असूनही कात फाटते, आणि साप सतत पाण्यात बसतोय? मग माइट्स शोधा. हे खसखशीपेक्षाही बारीक काळपट ठिपके असतात, सापाचं रक्त पितात आणि खवल्यांच्या फटीत राहतात. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखालच्या खाचेत आणि पाण्याच्या भांड्याच्या तळाशी बघा. पाण्यात मेलेले माइट्स मिरपुडीसारखे दिसतात. शंका असेल तर सापाला रात्रभर पांढऱ्या कागदी टॉवेलवर ठेवा. सकाळी टॉवेलवर हलणारे ठिपके किंवा चिरडल्यावर लाल होणारे डाग दिसले तर उत्तर मिळालं.

माइट्स सापडले तर पेटी पूर्ण रिकामी करा, बेडिंग पिशवीत बांधून घराबाहेर टाका, पेटी गरम साबणाच्या पाण्याने धुवा, लाकडी वस्तू टाकून द्या. इतर साप असतील तर त्यांच्या पेट्यांमध्ये तेच हात घालू नका. औषध मात्र पशुवैद्यांकडूनच घ्या. कुत्र्या-मांजरांच्या गोचिडांचा फवारा सापावर मारून साप मेल्याचं मी पाहिलं आहे. त्या चुकीला दुसरी संधी मिळत नाही.

आज अडकलेल्या कातीचं काय करायचं

आधी सापाला ओल्या लपणात एक पूर्ण दिवस मिळू द्या. बरेचदा तेवढ्याने काम होतं. नाही झालं तर झाकण लावता येईल आणि हवा खेळेल असा डबा घ्या. त्यात २८ ते ३० अंशांचं पाणी घाला, थर्मामीटरने मोजून. आपल्या हाताला कोमट वाटतं ते सापाला गरम असू शकतं. पाणी सापाच्या अंगाच्या जाडीच्या निम्म्यापर्यंतच हवं, म्हणजे डोकं टेकवूनही तो बुडणार नाही. तळाशी एक टॉवेल पसरा, त्याला पकड मिळते. वीस ते तीस मिनिटं ठेवा आणि तिथून उठू नका. पाणी गार झालं तर बदला.

नंतर ओला, खरखरीत सुती टॉवेल दोन्ही हातांत सैलसर धरा आणि सापाला त्यातून सरकू द्या. पुढे जायचं काम त्याचं, आपण फक्त हलकं घर्षण द्यायचं. सुटायची असेल ती कात टॉवेलला लागून निघते. उरलेली त्या दिवशी राहू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेपटीच्या टोकाचं कडं ओल्या कापसात पाच-सात मिनिटं गुंडाळून ठेवा आणि मग अंगठा-तर्जनीने टोकाच्या दिशेने हळूच लोटा. जोर लावावा लागत असेल तर थांबा. कोरडी कात कधीच सोलायची नाही. तिच्याखालचा नवा थर सोबत निघून येतो आणि जखम उघडी पडते. तेल, व्हॅसलिन, साबण काही लावू नका.

तीन दिवसांत तीनदा भिजवून फरक पडला नाही तर घरचे उपाय संपले असं धरा. रोज-रोज भिजवत राहिलं की साप दमतो, खाणं सोडतो.

डोळ्यांबद्दल वेगळं सांगते, कारण इथे झालेली चूक परत फिरवता येत नाही. डोळ्यावर राहिलेल्या खवल्याला नखाने, चिमट्याने किंवा चिकटपट्टीने हात लावू नका. त्याच्या लगेच खाली नवा खवला आहे आणि त्याच्या खाली उघडा डोळा. नवा खवला निघाला तर डोळा सुकतो, आणि डोळा जातो. आधी तो खरंच जुना खवला आहे का ते बघा. डोळा सगळा एकसारखा दुधाळ असेल, दुसराही तसाच असेल, तर ती पुढच्या कातीची साय आहे. एकच डोळा मळकट, त्यावर सुरकुती, कडेला बारीक किनार असेल तर खवला अडकलाय. तसा असला आणि साप एरवी ठीक असला, तर भिजवणं करा, ओलावा वाढवा आणि पुढची कात येऊ द्या. ती अखंड निघाली तर जुना खवला बहुधा तिच्यासोबत जातो.

आणि हो, सापाला, त्याच्या पाण्याला, कातीला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. निरोगी सापाच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. भिजवायचा डबा त्याच कामासाठी वेगळा ठेवा.

इथे थांबा आणि पशुवैद्यांना गाठा

सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले पशुवैद्य हवेत. अडचण येण्याआधीच तसे कोण आहेत ते शोधून ठेवा.

त्याच दिवशी जायचं ते असं: शेपटीचं टोक काळं, निळं किंवा कडक झालंय, म्हणजे कड्याने रक्तपुरवठा तुटलाय. डोळा फुगलाय किंवा खवल्यामागे पिवळट साकळलेलं दिसतंय, म्हणजे आत पू झालेला असू शकतो. कात काढताना रक्त आलंय. साप तोंड उघडून श्वास घेतोय किंवा तोंडातून फेस येतोय.

येत्या काही दिवसांत जायचं ते असं: एकाच डोळ्यावरचा खवला लागोपाठ दोन कातींना अडकला. अंगात पाणी कमी असल्याची चिन्हं आहेत आणि साप पाणीही पीत नाही. माइट्स आहेत. पोटाखाली फोड आहेत. किंवा आर्द्रता, उष्णता, पाणी सगळं मापून नीट आहे आणि तरीही तिसरी कात फाटली, तेव्हा कारण पेटीत नाही, सापात आहे. खवल्यांवर जाड पिवळट-तपकिरी खपल्या, वेडेवाकडे झालेले खवले, चेहऱ्यावर सूज आणि नेहमीपेक्षा फार लवकर-लवकर येणाऱ्या काती ही बुरशीच्या आजाराची खूण असू शकते. ऑफिडिओमायसिस नावाचा हा आजार रॅट स्नेकच्या गटात नोंदलेला आहे. त्याचं निदान कातडीचा नमुना तपासूनच होतं, बघून नाही. अशा सापाची भांडी, चिमटे, लपण दुसऱ्या कुठल्याही पेटीत जाऊ देऊ नका.

जाताना शेवटची कात कोरड्या पिशवीत घालून सोबत न्या. तारखांची वही, पेटीच्या दोन्ही बाजूंचं तापमान, आर्द्रतेचे आकडे आणि पेटीचा एक फोटोही न्या. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील. सापाला कापडी पिशवीत घालून तोंड बांधा, पिशवी छिद्रं पाडलेल्या डब्यात ठेवा, आणि वाटेत डब्यावर ऊन किंवा एसीचा झोत येऊ देऊ नका.